मामाकडून भाच्याला

आई,

तुझा आवाज आठवायला आता थोडं थांबावं लागतं. परवा डॉक्टरांसमोर मात्र तो आपणहून आला.

लेकीला सातवा महिना लागलाय. जिना चढताना धाप लागते. मी म्हटलं, या दिवसांत लागतेच. पण तिचा घोळणाही फुटतो हे कळल्यावर तिच्या डॉक्टरांनी सदाशिव पेठेतल्या, आनुवंशिक आजार बघणाऱ्या एका डॉक्टर बाईंकडे पाठवलं. त्यांनी कागदावर आपलं घराणं काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. घोळणा कुणाकुणाचा फुटायचा, विचारलं. मी म्हटलं, मामाचा, मग माझ्या भावाचा. आमच्याकडे हे मामाकडून भाच्याला येतं.

"अहो, मग मधली बाई कुठे गेली?" त्या म्हणाल्या.

मधली बाई बिबवेवाडीच्या घरात मोरीत उभी होती. दादाची परीक्षा जवळ आलीय आणि त्याचा घोळणा फुटलाय. आजी त्याच्या टाळूवर पाणी थापतेय, नाकात दूर्वांचा रस सोडतेय, "पोरगा मामाच्या वळणावर गेला हो," असं शेजारणीला जवळजवळ कौतुकानं सांगतेय. तू मोरीची कडी लावून जुन्या लुगड्याची वात नाकात घालतेस, तोंड धुतेस आणि पुन्हा पोळपाटाशी येऊन बसतेस. पुढे तुझ्या ओठांवर लाल ठिपके आले, तेव्हा आजीनं विचारलं, "विडा खाल्लास वाटतं?" "हो, चुना जरा जास्त झाला," तू म्हणालीस. सगळे हसले. तू पांढरी पडत गेलीस तेव्हा, बायकांचं असतंच, म्हणाले.

घोळणा फोडणारा रक्तवाहिन्यांचा हा दोष घराण्यातून येतो, पण मुलगा-मुलगी बघत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. नाकातलं रक्त बहुधा लहानपणापासून, ठिपके पुढे, वय वाढेल तसे. बायकांच्या यकृतात जास्त सापडतो, आणि फुप्फुसात असेल तर गरोदरपणी फार जपावं लागतं. दोष असलेल्यांचे भरतात तसा त्यांनी तुझा गोल पेननं भरला. मग माझ्या ओठांवरच्या ठिपक्यांकडे पाहिलं. मीही एक भरायचा गोल होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. लेकीच्या फुप्फुसाची तपासणी उद्या आहे. मुलगा होईल की मुलगी, यावर घरात चाललेली थट्टा आता थांबलीय.

आज सकाळी माझा घोळणा फुटला. पाय आपोआप मोरीकडे वळले. कडी लावली. बाहेरून लेक म्हणाली, "आई, किती वेळ? काय करतेयस आत?" "काही नाही," असं ओठांवर आलं होतं. तुझंच वाक्य ते. मी कडी काढली, नाकाला लावलेला बोळा तसाच धरून बाहेर आले. तिनं पाहिलं, खुर्ची ओढली, म्हणाली, "बस इथं. मान वर करू नकोस." मग तीही धापा टाकत शेजारी बसली.

हे तुला पोचायचं नाही, म्हणून लिहिते. उद्याची भीती तर आहेच. पण त्या खुर्चीवर मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, आई; तुला असं कुणी बसवलं नव्हतं, मीही नाही.