झाकणाशी रोवलेली काठी

डच हार्बर, नोव्हेंबर

माझ्या आईला, बोटीवरून,

मी धडधाकट आहे. तू विणलेले मोजे पायात आहेत.

अंगणात पुरलेल्या गॅसटाकीच्या झाकणाशी बाबांची स्कीची काठी तू यंदाही रोवलीस, हे वाचून बरं वाटलं. कितीही बर्फ पडला तरी झाकण सापडेल. पण गॅसवाल्या थर्लोने झाकण उघडून नळीच्या सांध्याला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले आणि तो ओरडला, "हॅटीकाकू, केवढा वास मारतोय! तुम्हाला येत नाही?" हे तू पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. त्याने सांधा आवळला, ठीक. उद्या घरात गळती झाली तर तुला वासावरून कळणार कसं?

गॅस गळला की कर्कश वाजणारं यंत्र मिळतं. ते थर्लोकडून लगेच बसवून घे. "मला काय धाड भरलीय" म्हणू नकोस. सर्दी झाली होती का गं? कॉफीची तरी चव लागते ना?

आणखी एक. बाबांच्या कोटाला आता त्यांचा वास येत नाही, म्हणून तू रडलीस. तो कोट कुणाला देऊन टाकू नकोस, आई. वास असेल त्यात अजून. मी आलो की हुंगून तुला सांगेन.

तुझाच,
वेंडेल