पट्टे कुणाच्या पायांना

शनिवार, ३१ ऑगस्ट

यंत्र आलं एकदाचं! चिरंजीव स्वतः घेऊन आले. दोन पट्टे, दोन्ही मांड्यांना बांधायचे. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं — टॅबलेट मोजणार. आठवड्यातून तीन दिवस व्यायाम, दर सोमवारी परीक्षा: तीस सेकंदांत किती वेळा उठलात. आकडा थेट त्याच्या फोनवर.

"आई, या वयात स्नायू झिजतात. बाथरूममध्ये पडलीस ती त्यामुळेच." मग जरा थांबून — "आठच्या खाली आलीस तर मात्र मी ऐकणार नाही. हे घर बंद, माझ्याकडे यायचं."

आणि वन्सं? त्याच्याकडे जादा खोली एकच. आत्याची म्हणे "चांगल्या ठिकाणी सोय" करू. वन्सं तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या. शहाण्याने आवाजसुद्धा खाली आणला नाही.

हे गेल्यापासून अकरा वर्षं आम्ही दोघी नणंद-भावजय या दोन खोल्यांत आहोत. पहिली चार भांडण्यात गेली. आता एकीवाचून दुसरीला चहा जात नाही.

रविवार, १ सप्टेंबर

दार लावून करून पाहिलं. सहा. सातव्याला गुडघे लटपटले नि धपकन बसले. पाचावर धारण बसली आहे.

सोमवार, २ सप्टेंबर

"आण इकडे. रडतेस काय! याला काय डोळे आहेत?" — वन्संनी पट्टे स्वतःच्याच मांड्यांना बांधले. माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, पण चाळीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात पायपीट केलेली बाई. पाण्याचा कॅन अजून एका हाताने आत आणतात.

तेरा! टॅबलेट म्हणाला, शाब्बास. पाठोपाठ चिरंजीव — "आई, कमाल केलीस!" मी नुसती हो हो करत राहिले. चोराच्या मनात चांदणं. दिवसभर फोन वाजला की दचकतेय.

सोमवार, ९ सप्टेंबर

बारा. मधल्या दिवसांचे व्यायामही पट्टे बांधून वन्संच करतात. एखादा इकडेतिकडे व्हायचाच.

सोमवार, १६ सप्टेंबर

दहा. "पट्टा सैल बांधलास," म्हणाल्या. मी बोट घालून पाहिलं होतं. घट्ट होता.

गुरुवार, १९ सप्टेंबर

पाण्याचा कॅन सकाळपासून दाराशीच. "कंटाळा आला," म्हणे. वन्सं आणि कंटाळा!

संध्याकाळी जिना चढताना मुद्दाम मागे राहिले. उजवा पाय वर, मग डावा ओढून त्याच पायरीवर. लहान मूल चढतं तसं. कठडा इतका आवळून धरला होता की बोटं पांढरी पडलेली. मी काही विचारलं नाही. विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं तर?

सोमवार, २३ सप्टेंबर

आठ. खरं तर सात आणि अर्धा. आठव्याला अर्ध्यावर अडकल्या, खुर्ची सरकली, मी काखेत हात घातला म्हणून वाचल्या. टॅबलेटला ते कळलं नाही.

व्यायाम करून कुणाची ताकद अशी उतरते का? तीन आठवड्यांत? जेवण गेलं नाही. दोघींनाही.

बुधवार, २५ सप्टेंबर

टॅबलेटवर लाल अक्षरं. डाव्या पायाची ताकद वेगाने कमी होत आहे, डॉक्टरांना लवकर दाखवा.

पाच मिनिटांत फोन. "आई, घाबरू नकोस. शुक्रवारी रजा टाकतोय, दवाखान्यात जाऊ." त्याचाच आवाज कापत होता.

वन्सं मात्र खूश! "बरंच झालं की. तुझा पाय तपासतील, काही निघायचं नाही. म्हणतील यंत्र बिघडलंय. सुटलो!"

"आणि तुमचा पाय?"

"माझा पाय माझ्यापाशी. वॉर्डात असे पुष्कळ पाहिलेत मी."

"मग पुढे काय झालं त्यांचं?"

उठून स्वयंपाकघरात गेल्या. भिंतीला धरून.

गुरुवार, २६ सप्टेंबर

भीती वाटते. फार भीती वाटते. बोलले तर घर जाणार, वन्सं कुठल्या तरी अनोळखी खाटेवर. गप्प राहिले तर — लिहवत नाही. कसाही हिशोब केला तरी त्याच जातात.

माझे उद्याचे कपडे त्यांनीच इस्त्री करून ठेवले. एका पायावर भार देऊन उभ्या होत्या. "तोंड उघडलंस तर बघ. जन्मात बोलणार नाही तुझ्याशी." मी मान हलवली. कशाला हलवली, देव जाणे.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कोण? वन्संनी माझ्याकडे बोट केलं. मी त्यांच्याकडे. चिरंजीव आळीपाळीने दोघींकडे बघत राहिले. मग मी सगळं सांगून टाकलं.

वन्संना आजच ठेवून घेतलंय. मुलगा बाहेर फॉर्म भरतोय, घराबद्दल अजून चकार शब्द नाही. वन्संही बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. पण माझं उजवं मनगट घट्ट धरून ठेवलंय, सोडायला तयार नाहीत. म्हणून आज अक्षर असं — डाव्या हाताने लिहितेय.