पंख्याला बसवलेलं आवाजाचं बटण

अण्णा, परवा लॅपटॉपचा पंखा माझ्या देखत आपोआप मंदावला आणि आपली साताऱ्याची ती खोली आठवली. सांगलीला घशाचं ऑपरेशन करून तुम्हाला मी घरी आणलं होतं. कुंडलच्या शाळेत शिकवताना मुलांसाठी तुम्ही रचलेल्या कविता कुठेच लिहिलेल्या नव्हत्या, आणि तुमचा आवाज तर रोज खाली खाली चाललेला. तुम्ही सांगायचं, मी कॉम्प्युटरवर उतरवायचं असं ठरलं. पण त्याचा पंखा असा घोंघावायचा, की तुमची कुजबुज माझ्यापर्यंत यायचीच नाही. वहीत लिहितो म्हटलं, तर तुम्ही हसलात. "तुझं अक्षर माझ्याच वर्गात नापास झालंय रं. पडद्यावर उमटलेलं बघू दे की."

मग सांगलीला तपासणीला गेलो तेव्हा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून एक सुटा ट्रान्झिस्टर, तीन पायांचा तो बारका भाग, आणि जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आणलं. बटण फिरवावं तशी ट्रान्झिस्टरनं पंख्याला वीज कमी-जास्त सोडायची, एवढीच ती जोडणी. तुम्ही खुर्ची ओढून बसला आहात, सोल्डरिंगचा धूर चुकवत विचारता आहात, "वारा कमी केलास तर त्ये तापणार न्हाई व्हय?" तापणारच होतं. आणि पंखा तर आधी हललाच नाही. बटण बरंच पुढे नेलं तेव्हा एकदम सुटला, मग मागे आणलं तरी निवांत फिरत राहिला. "सुरू व्हायला जोर लय, फिरत राहायला थोडका. असं का रं?" मी काहीबाही सांगितलं, ते तुम्हाला पटलं नाही.

त्या दिवसापासून कविता सांगताना तुमचा तळहात कॉम्प्युटरच्या डब्यावर असायचा, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. जास्त गरम लागलं की ओळ अर्ध्यावर सोडून खुणावायचात. मी बटण पुढे न्यायचो, पंखा गरजायचा. डबा निवला की "हं, घे गड्या," आणि उरलेली ओळ. कधी कधी ती आधीच्या अर्ध्या ओळीहून सुंदर यायची. जुनीच होती, की तिथं बसल्या बसल्या सुचायची? विचारायचं राहिलं.

कविता सगळ्या उतरल्या. आज वाचतो तेव्हा त्या तुमच्या कुजबुजीतच ऐकू येतात. वर्गातून रस्त्यापर्यंत पोचणारा तुमचा तो खणखणीत आवाज, ज्यात मी त्या पहिल्यांदा ऐकल्या, तो किती आठवावा म्हटलं तरी येत नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगतो, मी आता तो आठवायचंही सोडलंय. कुजबुज ऐकायला जवळ सरकावं लागायचं, आणि तुमच्या इतक्या जवळ मी लहानपणीही कधी बसलो नव्हतो.