आळंबाचा काढा आणि मी

१० नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. पलूसचं मोबाईल रिपेअरिंग सोडलं. मालकाला माझी रेंज कळली नाही. त्याआधी आयटीआयलाही कळली नव्हती. आता माण तालुक्यात, हरणाआत्याकडे. इथंच, कायमचं.

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, धुरापाशी जायचं नाही. म्हणून काढ्याचं काम माझ्याकडे. पावसाळ्यात बाभळीच्या जुन्या खोडांवर आळंब येतं. लाकडासारखं कडक, तांबडं, वरून पॉलिश मारल्यासारखं. ते वाळवून टोपलीत ठेवतात. आत्याचे मालक हरिबामामा, त्यांना थंडीत दम लागतो. रोजच्या ताज्या काढ्यावर त्यांचा हिवाळा निघतो.

पद्धत: लाकूड नाही, गॅस नाही. मेंढरांच्या लेंड्यांचा विस्तव. त्याला जाळ नसतो, नुसती धग. मडक्यातलं पाणी थरथरलं पाहिजे, उकळलं की बाद. उन्हं कलेपर्यंत शेजारी बसून मूठमूठ लेंड्या सारायच्या. आत्या म्हणाली, "हितनं हलायचं न्हाई बग. मुतायला गेलास तरी कुणाला तरी बशीव."
सोपं आहे. बसायचं तर आहे.

११ नोव्हेंबर, सकाळ
घरामागच्या परड्यात विस्तव पेटवला. ध्यान लागल्यासारखं झालं. हे काम माझ्यासाठीच थांबलं होतं.

दुपार
दोस्त वीरधवल बाईकवर आला. शेजारच्या गावात बैलगाड्यांच्या शर्यती, त्याने ड्रोन आणलाय. ड्रोन हे पण करिअरच. जाऊन लगेच येतो. जाताना दिवसभराच्या लेंड्या एकदम घातल्या. ही आयडिया आत्याला इतक्या वर्षांत सुचली नाही.

संध्याकाळ
मडक्यात कोळसा. चूक लेंड्यांची, फार वाळलेल्या होत्या.
मामा वाट बघत बसलेले. चहापावडर, कडुलिंबाचा पाला, सुंठ, गॅसवर एक उकळी. रंग सेम. मामांनी घोट घेतला. थांबले. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "झ्याक झालाय रं." उरलेला गटकन पिऊन टाकला.
म्हणजे जमलं.

१२ नोव्हेंबर
आजचा पण कडुलिंबाचा. उद्यापासून खरा. नक्की.

१५ नोव्हेंबर
उद्यापासून.

१९ नोव्हेंबर
नीट विचार केला. माणसाला फरक कळत नाही, म्हणजे फरक नसतोच. हे सायन्स आहे. धगीपाशी दिवस घालवणं ही जुन्या लोकांची सवय, त्यांच्याकडे मोबाईल नव्हते.
मग टोपलीतली आळंबं पडून का राहू द्यायची? ब्रँडचं नाव फायनल: 'माणदेशी मशरूम'. पुण्यातल्या कॅफेंना सॅम्पल कुरियर केली. टोपली रिकामी दिसते, पण धंद्यात सुरुवातीला टाकावंच लागतं.

२६ नोव्हेंबर
कॅफेंचा रिप्लाय नाही. एकाने अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे इंटरेस्ट.
मामांना आडवं झालं की धाप लागते, भिंतीला टेकून बसून असतात. यंदा थंडीच जास्त आहे. आत्या ओट्यावरून विचारते, "इंद्या, बसलायस नव्हं?" मी ओरडतो, व्हय. खोटं नाही. मोबाईल बघत, पण बसलेलोच असतो.

४ डिसेंबर
मामांना दहिवडीला दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, जुना दमा, त्यात थंडी. काढ्याचं नावसुद्धा घेतलं नाही. मेडिकली मी क्लिअर.
तरी खरा काढा करायचा ठरवला. टोपलीत नुसता भुगा. बांधाबांधाने बाभळी बघत हिंडलो. ओढ्याला नाथाजी मेंढरं घेऊन बसलेला. म्हणाला, "आता आळंब? आता म्होरल्या पावसाळ्यात ये की गड्या." आणि मेंढरं सोडून मलाच बघत बसला. अडाणी माणूस.

७ डिसेंबर
मामांची लेक सृष्टी दहिवडीत मेडिकल दुकानात असते. तिने आज दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. माझं उत्तर तयार होतं: लेंड्यांची क्वालिटी, मडकं, हवामान. तिने ऐकलंच नाही.

म्हणाली, "आईला पयल्याच दिशी कडुलिंबाचा वास आला हुता. तवाच तुला उठवणार हुती. आबांनी तिला गप बसवली. म्हनले, पोरगं जल्मात पयल्यांदा एका जागी बसलंय, बसू दे. मला काय, कडूच तर प्यायाचंय."

मी विचारलं, आता मामा कसे आहेत?
म्हणाली, "सुद्धीत आलं की तुझंच इचारत्यात. इंद्या हाय नव्हं घरी? काय सांगू?"
सांग, आहे. म्हणजे काय. मी कुठे जातोय.

९ डिसेंबर, कडेगाव
उसाचा सीझन चालू आहे, ट्रॅक्टरवर पोरं पाहिजेत असं कळलं. तात्पुरतं. माणात आत्ता माझं काम नव्हतं, आळंबच नाही तर करणार काय. मामा बरे झाले की परत जायचंच आहे.

मघाशी सृष्टीचा मेसेज: "आबांना घरी आणलं. तू गेलास ते सांगितलं न्हाई. खाटेवरनं सारखं म्हणत्यात, परड्यातला इस्तू इझू देऊ नका, गार लागलं तर पोरगं उठंल. आई डोळं बांधून तिथं लेंड्या सारत बसलीय."

रिप्लाय लिहायला घेतला. मोबाईल बंद पडला.
चार्जर आत्याकडेच राहिलाय.