आठ फूट चौरस

दि. १७ फेब्रुवारी १९९८, मंगळवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. टाइलच्या एका बंद पेटीवर बसून, दुसरीवर कागद ठेवून, बाकीच्या पाचांकडे न बघण्याचा प्रयत्न करीत.

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत आता बरी असेल असे धरून चालतो. (मागच्या पत्रात गुडघा दुखतो असे होते, पण डावा की उजवा ते लिहिलेले नव्हते, त्यामुळे मी दोन्हींची काळजी करतो आहे.) मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सर्व ठीक आहे. हे वाक्य मी लिहून तीनदा वाचले. शुद्धलेखनाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. पत्र पोस्टाने न टाकता हातोहात पाठवतो आहे, त्याचे कारण पुढे येईल. मला काही मागायचे नाही. फक्त मन मोकळे करायचे आहे.

मी नववीत शाळा सोडली ती गणितापायी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शुद्धलेखनात माझा एक गुण कधी गेला नाही आणि गणितात एक कधी आला नाही. त्यामुळे दादाने मला आजवर कुठलाही व्यवहार करू दिलेला नाही. दूधवाल्याची सुट्टी नाणीसुद्धा तो परत मोजतो. आता झाले असे की, आमच्या ओट्यामागची भिंत तेलाने आणि धुराने काळी पडली आहे. (होती, असे लिहायला हवे. सवय.) वहिनी रोज संध्याकाळी साबण लावून ती घासायच्या, डाग तिथेच राहायचा आणि रंग मात्र निघून यायचा. शेवटी तिथे टाइल बसवायचे ठरले आणि नेमके त्याच आठवड्यात दादाला कंपनीने तीन आठवड्यांसाठी बाहेरगावी धाडले. दादा म्हणाला, मी आल्यावर बघू, याच्या हातात नको, आकडे दिसले की याला घाम फुटतो. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटले, "भाऊजी करतील. चुकलं तर मला बोला." दादाने बाराशे रुपयांचे पाकीट माझ्या हातात दिले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाला, "बोलणार. लक्षात ठेव."

मामा, माझ्यासाठी आजवर कोणी जामीन राहिले नव्हते. दादा शनिवारी परत येतो आहे.

(३:२५. आत्ता उठून पेट्या पुन्हा मोजून आलो. सातच आहेत.)

मी कामाला लागलो तो असा की कोणी नाव ठेवू नये. खालच्या शिंप्याकडून टेप आणली. ओट्यामागची लांब भिंत नऊ फूट भरली. मग वाटले, कापडी टेप ताणली जाते, म्हणून दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडून लोखंडी आणली. ती म्हणाली, आठ फूट साडेअकरा इंच. त्या अर्ध्या इंचाने माझी झोप उडाली. मिस्त्री म्हणाला, भिंतच गुण्यात नाही, म्हणजे कोपरा काटकोनात नाही, खाली एक माप येणार आणि वर दुसरे. मी दर सहा इंचांवर माप घेतले आणि सगळी मापे वहीत उतरवली. मग स्विचबोर्डाचा प्रश्न आला. बोर्ड आहे तिथे टाइल लागणार नाही, तेव्हा तेवढी जागा वजा करायची की नाही? यावर माझा अख्खा एक दिवस गेला. शेवटी मिस्त्रीलाच विचारले. तो विडी बाजूला ठेवून म्हणाला, "अरे बाबा, बोर्डापुरता तुकडा कापल्यावर तो मी काय घरी नेऊन पोराला खेळायला देऊ? धर पूर्ण." मी पूर्ण धरले. लांब भिंत नऊ फूट, उंची दोन, म्हणजे अठरा चौरस फूट. मोरीकडची आडवी भिंत चार फूट, उंची दोन, म्हणजे आठ. एकूण सव्वीस. टाइल फूटभर लांब, फूटभर रुंद, तेव्हा सव्वीस टाइल, मोडतोडीच्या तीन, एकूण एकोणतीस. पेटीत दहा येतात. तीन पेट्या. मामा, हे सगळे मी स्वतः केले आणि ते बरोबर होते, हे कृपया नोंदवून ठेवा.

त्यानंतर पाच दुकाने फिरलो. पाच कागदांवर पाच भाव घेतले. नमुन्यांवर चहा, तेल आणि शाई टाकून दुसऱ्या दिवशी पुसून पाहिले. (शाई एकावर राहिली. स्वयंपाकघरात शाई कोण सांडणार, असे वहिनींनी विचारले. मी म्हटले, मी.) शेवटी एकशे ऐंशी रुपये पेटीची फिकट आकाशी टाइल ठरली. ती गोदामातून मागवावी लागणार होती. मापाचा कागद मी दुकानदारासमोर ठेवला, आणि इथपर्यंत मामा, तुमचा भाचा एक कर्तबगार माणूस होता.

दुकानदाराने माझी मापे आपल्या मागणीवहीत उतरवली. पहिली ओळ : १८ चौरस फुट. दुसरी ओळ : ८ चौरस फुट. दोन्हींकडे 'फु' ऱ्हस्व. मी डोळे मिटून बघितले, दुसरीकडे बघून बघितले, नाही राहवले. मी म्हटले, शेठ, 'फूट' शब्दात फू दीर्घ असतो. ते वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "घ्या मास्तर, तुम्हीच करा दीर्घ." पहिल्या ओळीत मी उकाराला नुसती शेपटी जोडली आणि काम भागले. दुसऱ्या ओळीत शाई पसरली. खाडाखोड मला बघवत नाही, म्हणून ती ओळ पूर्ण रेघ मारून काढली आणि खाली सुवाच्य अक्षरात नव्याने लिहिली. सगळे लक्ष त्या एका दीर्घ ऊकारावर होते. तो सुंदर आला. ओळ अशी झाली : ८ फूट चौरस.

तुमच्या ध्यानात आलेच असेल. आठ चौरस फूट म्हणजे आठ टाइल. आठ फूट चौरस म्हणजे आठ फूट लांब आणि आठ फूट रुंद, म्हणजे चौसष्ट. दोनच शब्द, दोन्ही शुद्ध, फक्त त्यांनी जागा बदलली. दुकानदाराने वाचले, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "बरंच मोठं दिसतंय स्वयंपाकघर!" मला वाटले आमच्या दोन खोल्यांची थट्टा करतायत. मी ताठ मानेने म्हटले, आहेच मोठं. तीनशे रुपये आगाऊ दिले, पेट्यांचा हिशेब गोदामात होईल आणि बाकी रक्कम माल आल्यावर, असे ठरले. पावतीच्या तळाशी छापले होते की, खास मागवलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही. ते वाक्य निर्दोष होते. मी तसे त्यांना सांगितलेही.

परवा सकाळी टेम्पो आला. हमालाने तीन पेट्या उतरवल्या, मी नमस्कार करून दार लावू लागलो, तर तो चौथी घेऊन वर आला. मग पाचवी. सातवीला मी त्याला म्हटले, तुमचं घर चुकलं. त्याने कागद दाखवला. अक्षर माझेच होते, आणि सुरेख होते. दहा पेट्या. (अठरा आणि चौसष्ट मिळून ब्याऐंशी, वर गोदामाने मोडतोडीच्या नऊ धरल्या.) वहिनी दारात उभ्या राहून मोजत होत्या. (माझ्याहून वेगाने.) मला वाटले आता या खोलीत रडू तरी येईल किंवा भांडण तरी होईल. फूट ऱ्हस्व असो की दीर्घ, घरात पडायचीच. पण त्या आत गेल्या, साखरेच्या डब्यामागचा डबा काढला आणि पाचशे रुपये आणून माझ्या हातात ठेवले. म्हणाल्या, "हमालाला खोळंबून ठेवू नका." हे मला ओरडण्यापेक्षा जास्त लागले.

काल मिस्त्रीने भिंत पूर्ण केली. सव्वीस लागल्या, दोन फुटल्या, दोन उरल्या. भिंत फार छान दिसते, मामा. सकाळी उजेड पडला की शेगडीवरच्या पातेल्याची सावली त्यात दिसते. वहिनी काल चार वेळा काही काम नसताना ओट्यापाशी जाऊन आल्या. आणि सात पेट्या या खोलीत आहेत. त्यांच्यावर चादर टाकली की पलंग वाटतो, पण दादाला आमच्याकडे पलंग किती ते माहीत आहे.

(४:०५. पुन्हा सात.)

असो. मामींना नमस्कार. तुम्ही प्रकृतीला जपा, आणि माझी चिंता करू नका, ती मी करतोच आहे.

तुमचा भाचा

ता. क. : तुमच्या न्हाणीघराच्या भिंतींचे पोपडे निघतात असे मामी मागे म्हणाल्या होत्या. आकाशी रंग डोळ्यांना गार असतो.

ता. क. २ : मागच्या खेपेला मी तिथे आंघोळ केली तेव्हा सहज वितीने मोजले होते. सगळीकडे खांद्याइतक्या उंचीपर्यंत लावायचे तर सत्तर चौरस फूट लागेल. (चौरस फूट. चार वेळा तपासले.) सात पेट्यांत सत्तर टाइल असतात. याला मी योगायोग म्हणतो.

ता. क. ३ : हे पत्र ज्याने तुमच्या हाती दिले तो टेम्पोवाला आहे. तो अजून दारातच उभा असेल. त्याला पाणी विचारावे. टेम्पोत काय आहे ते तो सांगेल. भाडे मी दिले आहे. पेट्या मूळ भावानेच देतो आहे. पैसे शनिवारच्या आत त्याच्याच हाती पाठवता आले तर दादा येईल तेव्हा घरात फक्त भिंत असेल.

ता. क. ४ : पत्र बंद करण्याआधी वहिनींना वाचायला दिले, कारण त्यांच्याबद्दल त्यांच्या माघारी लिहिणे बरे नव्हे. त्यांनी वाचले, हसल्या, आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिले :

मामा, दुकानातून आल्यावर भाऊजींनी मागणीची नक्कल मला दाखवली होती. ८ फुट चौरस मी पण वाचलं आणि बरोबर आहे म्हणाले. यांना मी तसंच सांगणार आहे. पेट्या ठेवून घ्या.

वहिनींनी 'फुट' ऱ्हस्व लिहिले आहे. मी ते तसेच राहू दिले आहे.

हिशेब.
टाइल, दहा पेट्या : १८०० रु. (लागल्या तीन : ५४० रु.)
सिमेंट आणि फटी भरायचे पांढरे सिमेंट : ८५ रु.
मिस्त्रीची मजुरी : २०८ रु.
टेम्पो, तुमच्याकडे : ६० रु.
एकूण : २१५३ रु.
दादाचे पाकीट : १२०० रु.
वहिनींचा डबा, देणे : ५०० रु.
दुकानदार, देणे : ४५३ रु. (आठवडाभर थांबतो म्हणाले. वही मात्र पुन्हा माझ्या हातात दिली नाही.)
मामांकडून आल्यास, सात पेट्या : १२६० रु. म्हणजे डबा भरला, दुकानदार मिटला, आणि दादाला परत ३०७ रु.
मामांकडून न आल्यास : पलंग.