चार बोटं कमी

१२ एप्रिल

कामाचा पहिला दिवस! सरपंच भगवानरावांच्या, म्हणजे भाऊंच्या, फार्महाऊसवरच्या स्विमिंग पूलचं ऑटोमॅटिक कव्हर सांभाळायचं – पुसायचं, धुवायचं, मोटार-रोलर बघायचा. काम खरं अब्बांचं. त्यांची कंबर धरली म्हणून मी. भाऊ म्हणाले, "पोरगी? बरं, कलीमची हाय म्हनल्यावर येतच आसल."

येतं. शाळेआधी मी अब्बांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात शिकले. अक्षरांआधी पान्यांचे नंबर. पहिला धडा – "पैले देखना, फिर हात लगाना."

माहितीपुस्तिका तीनदा वाचली. मोटारीच्या पेटीवर चावी फिरवून बटण दाबून धरायचं. सोडलं की कव्हर जागीच थांबतं. पूर्ण उघडायला पन्नास सेकंद. सबंध तलाव नजरेसमोर असल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, आणि पाण्यात कुणी नाही ना, हे आधी बघायचं.

पाण्यात कुणी नसतंच. घरात कुणाला पोहता येत नाही.

१५ एप्रिल

मोटारीच्या पेटीत लिंबू-मिरची! पाण्याला दृष्ट लागू नये म्हणून. लिंबाचा रस टर्मिनलवर, हिरवा गंज. पुस्तिकेत यावर काहीच नाही. गंज काढला, लिंबू-मिरची फाटकाला बांधली. आता दृष्ट लागली तर जबाबदार कोण – मी?

राखणदार गहिनीनाथकाका हसले. "हौदाला झाकण, आन् झाकणाला म्याडम! उंद्या म्याडमवर झाकाय बी कायतरी आनत्याल."

१९ एप्रिल

सकाळी कव्हर घासून धुतलं, रुळातली माती काढली. दुपारी बघते तर वर जुनं लुगडं अंथरून भाऊंच्या बायकोनं, विमलकाकूंनी, कुरडया घातलेल्या.

"काकू, यावर वजन ठेवायचं नसतं."

"कुरडईला कसलं वजन, बाई? एवढं सोच्छ आंगण तालुक्यात हाय का? तूच तर पुसतीस."

खरं आहे. मीच पुसते. वहीत नोंद केली – 'कुरडया, अंदाजे दोनशे.'

२३ एप्रिल

पाणी खुणेपेक्षा चार बोटं कमी. कव्हर पाण्यावर टेकलेलं असावं लागतं. पाणी उतरलं की मधे झोळ पडतो, ताण येऊन फाटतं. दोनदा मोजलं. लाल शाईनं लिहून भाऊंना दाखवलं.

भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी हाय, पन नजर बघा! दोन वर्सं हौदाकडं बघताय लेको, कुनाला बोटं मोजता आली का?"

अब्बांना सांगितलं. किती दिवसांनी हसले!

२४ एप्रिल

पाणी खुणेबरोबर. कव्हर कसं सपाट!

२५ एप्रिल

अम्मी चिडलेली. काल आमच्या वस्तीवर टँकर आलाच नाही. "पाच दिन हो गए. पीने कू क्या देऊं?" शेजारच्या वनमालाबाईंनी दोन घागरी दिल्या. त्यांच्याकडे तीनच होत्या.

२६ एप्रिल

गहिनीनाथकाकांना विचारलं, तलावात पाणी कुठून आलं?

"तू लिवलं, टँकर आला. भाऊ म्हनले, वस्तीचा उंद्या जाईल."

"उद्या म्हणजे कधी?"

"उंद्या म्हंजे उंद्या. रोज आसतो की उंद्या."

म्हणजे माझ्या लाल शाईनं. जेवले नाही.

२९ एप्रिल

दोन बोटं कमी. लिहिलं – 'पाणी ठीक.' वहीतलं माझं पहिलं खोटं.

तरी दुपारी टँकर आला! आता भाऊ स्वतः बोटं मोजतात. मीच शिकवलं.

३ मे

उद्या पाणीटंचाईच्या पाहणीला साहेब येणार. गावासाठी आणखी दोन टँकर मागायचेत. भाऊ सकाळपासून सगळ्यांच्या अंगावर ओरडतायत – "कव्हर चकाचक पायजे! वर कुरडया, पापड, सगळं घाला. खुर्च्या कडंला मांडा. आंगण वाटलं पायजे, आंगण!"

मग मला बाजूला घेऊन – "चावी तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे. तुझ्यावर इश्वास हाय."

अम्मीनं आज ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी गाळून उकळलं. तरी वास जात नाही. तेच प्यायलो.

४ मे

साहेब तळलेली कुरडई खात होते. मी मोटारीच्या पेटीजवळ उभी. भाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, गावात घोटभर पानी न्हाई."

आणि अंगण सरकायला लागलं! कुरडया, पापड, लुगडं – सगळं रोलरमध्ये, कडाकडा मोडत. खाली निळं पाणी. अगदी खुणेबरोबर.

"आगं बाई, माज्या कुरडया!" – विमलकाकू.

साहेबांनी हातातली कुरडई ताटलीत ठेवली. पेन काढलं.

"मशीन बिगडली!" भाऊ ओरडले. "शाईस्ता, सांग की सायबाला, बिगडली का न्हाई?"

मी म्हटलं, "तपासते."

रोलरमधला चुरा काढायला दोन तास गेले. आज एवढंच लिहिते.

५ मे

टँकर थेट वस्तीवर आला. सोबत साहेबांचा माणूस. अम्मीनं चहाची भांडीसुद्धा भरून ठेवली.

माझं काम गेलं. "मशीन नीट ठिवता आली न्हाई," असा निरोप. अब्बा नुसतं बघत राहिले, माझ्या हाताकडे.

६ मे

चावी परत द्यायला गेले, तेव्हा तपासलं. मोटार ठीक. बटण ठीक. सोडलं की कव्हर जागीच थांबतं.

सबंध तलाव नजरेसमोर होता. पाण्यात कुणी नव्हतं.

पन्नास सेकंद. अंगठा अजून दुखतोय.