मनाचं सोवळं

गिरीज,
३० नोव्हेंबर २०२५

चि. दिनानाथ यास वसुताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

जॉयस उद्या विरारच्या बाजारात भाजी घेऊन बसणार आहे. तिच्या टोपलीत हे पत्र आणि राजेळी केळ्यांची फणी ठेवली आहे. फोन का करत नाहीस, असं पुन्हा विचारू नकोस. फोन जवळ नेला की माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं. मग मी अंदाजानं उत्तरं देते आणि तुम्ही बापलेक हसता. त्यापेक्षा कागद बरा. तू शाळेच्या वसतिगृहात होतास तेव्हापासूनची आपली सवय आहे ही.

वाडीत सगळं ठीक. विहिरीवरचा पंप दुरुस्त झाला, वांगी बरी आली आहेत. पण मी लिहायला बसले ते क्षितिजासाठी. गेल्या रविवारी ती आली होती. सतरा वर्षांची पोर, दिवसाला पंधरा किलोमीटर धावते आणि दीड भाकरीवर ताट बाजूला सारते. ओट्यावरून उठताना तिनं खांब धरला. पाय दुखतो का म्हणून विचारलं तर हसली आणि म्हणाली, आमच्या घरात तो शब्द बंद आहे. छत्तीस वर्षं मी मास्तरकी केली, पोरांना हजारो शब्द शिकवले. घरातून शब्द हद्दपार केलेला पहिल्यांदाच ऐकला. हा काय प्रकार आहे, ते नीट लिही.

स्वप्ना जाऊन सहा वर्षं झाली. तू एकट्यानं मुलगी वाढवलीस, त्याचं मला कौतुकच आहे. म्हणून तर विचारते.

बाकी भेटीअंती. लोभ आहेच, उत्तरही येऊ दे.
तुझी वसुताई

*

विरार,
३ डिसेंबर २०२५

ती. वसुताईस शि. सा. न. वि. वि.

केळी पोचली. दोन मी खाल्ली, बाकीची शेजारच्या अल्पेशकडे दिली. क्षितिजाचं खाणं सध्या वजन करून असतं.

ताई, तू विचारलंस ते बरं झालं, मला कुणाला तरी सांगायचंच होतं. अठरा जानेवारीला मुंबईत निवड चाचणी आहे, पाच हजार मीटर. पहिल्या दोघी राष्ट्रीय शिबिरात जाणार. मी वर्षभर वाचतो आहे, दोन मनोबल शिबिरंही केली. शरीर थकण्याच्या फार आधी मन थकतं आणि ते शरीराच्या नावानं खोटं बोलतं, हे मला आता पुरतं पटलंय. म्हणून घरात दुखतं, दमले, नको हे शब्द बंद. वेदना आली की डोळे मिटायचे, तिला एक रंग द्यायचा आणि तो रंग खिडकीतून बाहेर सोडायचा. पोर इतकी तयार झाली आहे की पहाटे मैदानावर शेवटच्या फेरीत तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. बघणारे थांबून बघतात.

तुला नाशिक आठवतं ना? एकोणीसशे त्र्याण्णव, दोन फेऱ्या उरल्या होत्या, मी पुढे होतो आणि मी ट्रॅकवर खाली बसलो. कुणी ढकललं नाही, पाय मुरगळला नाही. नुसता बसलो. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, की याला पाय होते, छाती होती, मन नव्हतं. बत्तीस वर्षांत असा दिवस गेला नाही की ते मला ऐकू आलं नाही. माझ्या मुलीला हे कुणी म्हणणार नाही. ती बसणार नाही, ताई.

यंत्राची बॅटरी बदलून घे. तुझा आशीर्वाद या सहा आठवड्यांत जरा जास्तच लागेल.
तुझा दिना

*

विरार,
१५ डिसेंबर

प्रिय आत्या,
सा. न.

बाबा ऑफिसला गेलेत म्हणून लिहितेय. माझा फोन चाचणीपर्यंत त्यांच्याकडे आहे, सो पत्र. जॉयसमावशीला देईन. अक्षराचे मार्क कापू नकोस.

तू त्या दिवशी विचारलंस आणि मी हसून उडवलं, ते नंतर मलाच कसंतरी वाटलं. सांगते, पण बाबांना नाही सांगायचं, शप्पथ. उजव्या जांघेत आत, अगदी आत, काहीतरी आहे. दिवाळीच्या आधीपासून. आधी त्याला पिवळा रंग यायचा, मग लाल. मी सोडून द्यायचे आणि जायचंसुद्धा. आता रंगच येत नाही गं. नुसती ती जागा येते. बाबांच्या शिबिरातले सर म्हणतात की रंग गेला म्हणजे मन जिंकलं, म्हणजे मी जिंकले असेन. जिना उतरताना मी आता कठडा धरते, पण बाबा घरात नसताना.

अजून एक. पाळी चार महिने आलीच नाही. ग्रुपमधल्या मुली म्हणतात की लकी आहेस, कटकट नाही.

बाबा वाईट नाहीत हां आत्या. कधी हात नाही उचलला, ओरडले पण नाहीत. रोज रात्री पायाला तेल लावतात. फक्त ते विचारतात की मन कसं आहे. पाय कसा आहे असं कधी विचारत नाहीत, मग मी पण नाही सांगत. आणि मला धावायला आवडतं, खरंच. शेवटच्या फेरीला सगळं शांत होतं, तसं दुसरं काहीच नाही.

काळजी करू नकोस. तुझी लाडकी राहूच दे मला, जिंकले तरी नि नाही तरी.
क्षितिजा

*

गिरीज,
१७ डिसेंबर २०२५

चि. दिना, अनेक आशीर्वाद.

आज वाडीचं काही लिहीत नाही. क्षितिजानं मला शपथ घातली होती, ती मी मोडते आहे. तिच्या उजव्या जांघेत दोन महिने दुखतं आहे आणि चार महिने पाळी नाही. जॉयसनं तिला बाजारातून जाताना पाहिलं. पोर उजवा पाय फरफटत चालते आणि तू समोर दिसलास की सरळ चालते, असं जॉयसचं म्हणणं.

जॉयसची भाची एस्थर हॉस्पिटलात नर्स आहे. तिला मी घरी बोलावून सगळं समोर बसून विचारलं. ती म्हणाली की धावणाऱ्या मुलींचं खाणं कमी पडलं आणि पाळी थांबली की हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाला बारीक चीर जाते. साध्या एक्स-रेत कधी दिसतही नाही, एमआरआय करावा लागतो. वेळेवर थांबलं तर दोन-तीन महिन्यांत भरून येतं. धावत राहिलं तर हाड आरपार मोडतं, आणि मग धावणं सोड, आयुष्यभर लंगडत चालावं लागू शकतं. हे सांगताना ती मला घाबरवत नव्हती, स्वतःच घाबरली होती.

उद्याच्या उद्या तिला हाडांच्या डॉक्टरकडे ने. चाचण्या दरवर्षी येतात. आणि तिच्यावर रागावू नकोस, रागवायचंच तर माझ्यावर रागाव, मला सवय आहे.

उत्तराची वाट पाहते. माया कमी झालेली नाही, धीर मात्र कमी झाला आहे.
वसुताई

*

विरार,
२१ डिसेंबर २०२५

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र मी क्षितिजासमोर ठेवलं आणि तिला सरळ विचारलं. तिनं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, की काही नाही बाबा, आत्याला उगाच काळजी वाटते. मग तिनं माझ्यासमोर एका पायावर वीस उड्या मारून दाखवल्या. उजव्या पायावर. तोंडातून आवाज नाही. आता मी आणखी काय तपासायचं? पाळीचं मला माहीत नव्हतं. विचारलं तर ती म्हणाली की धावणाऱ्या बऱ्याच मुलींचं असं होतं.

ताई, तुला वाईट वाटेल, पण लिहितो. तू तिच्या मनात शंका पेरलीस. शेवटचे चार आठवडे मनाचं सोवळं पाळायचं, असं शिबिरातले सर सांगतात. जशी आपली आई गौरीच्या स्वयंपाकाला कुणाला शिवू द्यायची नाही, तसं. काळजीचा शब्द, भीतीची बातमी, काही म्हणजे काही मनाला शिवू द्यायचं नाही. तेव्हा ती आता गिरीजला येणार नाही. तुझी पत्रं आली तर न फोडता कपाटात ठेवीन आणि अठराला संध्याकाळी, निकाल हातात घेऊन, सगळी एकदम वाचीन.

राग नाही. चार आठवडे फक्त लांबून प्रेम कर.
दिना

*

गिरीज,
११ जानेवारी २०२६

चि. दिना,

आशीर्वाद नेहमीचेच. पाकिटावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, की सोवळं मोड आणि आधी हे वाच. तुझ्याच हातात द्यायला जॉयसला बजावलं आहे.

नाताळानंतर मी स्वतः तुझ्याकडे आले. दोन तास बसले. तू चहा केलास, पंख्याविषयी बोललास, क्षितिजाला माझ्याजवळ एकटं सोडलं नाहीस. मी पायाचा विषय काढला तेव्हा उठून कपडे वाळत घालायला गेलास. पण तुला दोष देत नाही. मी जे सांगायला आले होते ते माझ्याच तोंडाशी येऊन परत गेलं. न सांगण्याची सवय मला बत्तीस वर्षांची आहे.

दिना, नाशिकला तुझं मन कच्चं नव्हतं. तुला टायफॉइड होता.

तू घरी आलास तो तापानं फणफणलेला. तुला वाटलं, अपमानानं ताप आला, आणि आम्ही तुला तेच वाटू दिलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. कागद बाबांच्या हातात आला तेव्हा मी शेजारी उभी होते. आठवडाभर अंगात ताप घेऊन हा पोरगा दहा फेऱ्या धावला कसा, याचंच डॉक्टरांना नवल वाटत होतं. बाबांनी तो कागद चुलीत घातला. मला म्हणाले, की याला आजाराचं निमित्त मिळालं तर जन्मभर निमित्तं शोधेल, मनानं हरलो असं समजला तर पुढच्या वर्षी चिडून पळेल. औषधं तुला ताकदीच्या गोळ्या म्हणून दिली. मी दिली, माझ्या हातानं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची शिक्षिका होते, लहान नव्हते. बाबांना उलटून बोलण्याची हिंमत झाली नाही. पुढच्या वर्षी तू बूट चढवलेच नाहीस. बाबा गेले, तेव्हा सांगायला हवं होतं. मग वाटलं, आता संसाराला लागलाय, जुनं कशाला उकरायचं?

तुझं शरीर त्या दिवशी खोटं बोललं नाही. खोटं आम्ही बोललो. ते खरं धरून तू आता पोरीला पळवतो आहेस. तिला थांबव. मला क्षमा नाही केलीस तरी चालेल, पण तिला थांबव.

तुझ्या लोभावर हक्क सांगण्याची ही वेळ नाही, म्हणून मागत नाही.
वसुताई

*

विरार,
१७ जानेवारी

प्रिय आत्या,

रागावशील, पण सांगते. तुझं पत्र मी फोडलं. सोमवारी जॉयसमावशी आल्या तेव्हा बाबा ऑफिसला होते. मी म्हटलं की द्या, मी देते. त्या देतच नव्हत्या, मी जवळजवळ ओढून घेतलं. पाकिटावरचं वाचल्यावर राहवलंच नाही.

पाच वेळा वाचलं. खूप रडले, सोवळ्यात रडायचं नसतं तरी. बाबांचा विचार करून रडले. ताप असताना दहा फेऱ्या! आणि त्यांना वाटतं की ते भित्रे आहेत.

संध्याकाळी बाबा आल्यावर लगेच द्यायला निघाले होते. पण ते बाल्कनीत माझे स्पाइक्स ब्रशनं घासत होते आणि गुणगुणत होते. आई गेल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. तेव्हा दिलं असतं तर ते कोसळले असते, चाचणीला मैदानापर्यंत पण आले नसते. म्हणून मी ठरवलंय. पत्र माझ्या किट-बॅगेत ठेवलंय. उद्या धावणार, पहिल्या दोघींत येणार आणि मग त्यांच्या हातात देणार. जिंकल्यावर त्यांना कमी लागेल. साडेबारा फेऱ्यांचा तर प्रश्न आहे.

पायाचं म्हणशील तर आज सकाळी मोजा घालताना पाय हातानं उचलावा लागला. तेवढंच.

हे पत्र मुद्दाम पोस्टाच्या पेटीत टाकतेय. जॉयसमावशीकडे दिलं तर आजच पोचेल आणि तू रिक्षा करून येशील, मला माहितेय. सोमवारनंतर मिळेल तुला, तोवर सगळं झालेलं असेल.

माझ्यावरचं प्रेम तेवढंच ठेव हं.
क्षितिजा

*

मुंबई,
२१ जानेवारी २०२६

ती. ताईस शि. सा. न.

अल्पेशनं फोनवर तुला जे ओरडून सांगितलं त्यातलं किती ऐकू आलं ठाऊक नाही, म्हणून लिहितो. क्षितिजाच्या खुब्याचं हाड मोडलं. रविवारी रात्रीच ऑपरेशन झालं, तीन स्क्रू घातले आहेत. हाडाला रक्त पोचतं की नाही ते कळायला काही महिने जातील. न पोचलं तर सांधाच बदलावा लागेल. धावण्याविषयी मी विचारलंच नाही.

शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा ती दुसरी होती. समोरच्या वळणावर तिचा पाय वाकडा पडला आणि ती कोसळली. ताई, मी जाळीच्या अलीकडून काय ओरडत होतो, ते तुला सांगितल्याशिवाय मला सुटका नाही. मी ऊठ म्हणून ओरडत होतो. माझा आवाज ऐकून ती दोनदा उठली. दुसऱ्यांदा ती त्या पायावर उभी राहिली, तो आवाज पंचांनीही ऐकला. तरीही तिनं तोंडातून हूं केलं नाही. डॉक्टर म्हणाले की पहिल्याच पडण्याला आडवी राहिली असती तर हाड इतकं सरकलं नसतं.

अँब्युलन्समध्ये तिनं बॅगेतून तुझं पाकीट काढून दिलं आणि माझी माफी मागितली, की जिंकून द्यायचं होतं. मी ते ऑपरेशन थिएटरबाहेर वाचलं. तुझ्यावर रागवायचं आहे, बाबांवरही, पण आत्ता ते जमत नाही. माझ्याकडे तुझी डिसेंबरची चिठ्ठी होती, फोडलेली, वाचलेली. त्यात सगळं लिहिलेलं होतं.

आता एक काम तुझ्याकडे आहे. डॉक्टर तिला विचारतात, की दुखतंय का, म्हणजे इंजेक्शनचं ठरवता येईल. ती आधी माझ्याकडे बघते आणि नाही म्हणते. मी तिला सांगून पाहिलं, की सांग बाळा, खुशाल सांग. तर ती म्हणाली, की बाबा, मी बरी आहे, तुम्ही रंग सोडा. म्हणून कालपासून मी खोलीत जात नाही. बाहेरच्या बाकावर बसतो. आज दुपारी नर्सनं येऊन सांगितलं, की तुमची मुलगी दुखतंय म्हणून मोठमोठ्यानं रडते आहे, आत या. मी नाही गेलो. मी गेलो असतो तर ती थांबली असती.

हे पत्र अल्पेश घेऊन येतो आहे, त्याच्याच गाडीत बसून ये. तू आत बस, मी बाहेर आहे.

तुझा दिना